गावचा आपत्ती आराखडा खरोखर कामाचा करायचाय, खान्देशातल्या लोकांनी आपापलं सांगा

तितूरकाठ

नमस्कार मंडळी. गाव चाळीसगाव तालुक्यातलं, तितूरच्या अगदी काठाला. या वर्षी ग्रामपंचायतीत सदस्य झालोय आणि गावाचा आपत्ती व्यवस्थापन आराखडा नवा करायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. जुना आराखडा कपाटातून काढला, वाचला, आणि हसावं की रडावं कळेना. त्यात लिहिलंय, त्सुनामी : धोका कमी. खाली मच्छीमार बोटींची संख्या लिहायला रकाना आहे आणि त्यात कोणीतरी प्रामाणिकपणे शून्य भरलंय. म्हणजे कोकणातल्या कुठल्यातरी गावाचा उचलला, वरचं नाव बदललं, सही शिक्का, विषय संपला. उन्हाळ्याबद्दल एक ओळ नाही, विजेबद्दल नाही, आणि नदीबद्दल फक्त "पावसाळ्यात सतर्क राहावे".

आता मुद्दा असा की ३१ ऑगस्ट २०२१ ला आम्ही पूर बघितलाय. त्या रात्री आमच्याकडं पाऊस असा फार नव्हताच, म्हणजे होता पण घाबरावं असा नाही. जे काही झालं ते वर, पाटणादेवीच्या डोंगरात आणि कन्नड घाटाकडं. घाटात दरडी कोसळल्या, रस्ता बंद, आणि तितूर आणि डोंगरी दोन्ही नद्या एकदम फुगून चाळीसगावच्या बाजारपेठेत घुसल्या. आम्ही शहराच्या खालच्या अंगाला. पहाटे शेजारचा म्हातारा "नदीले पूर उना रे, ढोरं सोडा" असं ओरडत गेला तेव्हा जाग आली, तोवर गोठ्यात गुडघ्याच्या वर पाणी. तीन म्हशी होत्या. दोन दाव्याला होत्या त्यांचं दावं विळ्यानं कापलं, तिसरी नवीन घेतलेली म्हणून साखळीला कुलूप लावलं होतं, चोरीच्या भीतीनं. चावी घरात, घरात अंधार. पुढचं लिहित नाही.

तर मला तो सरकारी नमुना भरायचा नाहीये, म्हणजे भरावा तर लागेलच पण त्याच्यासोबत गावाला उपयोगी पडेल असं काहीतरी चार पानांचं करायचंय. तुमच्याकडं तापी, गिरणा, पांझरा, सातपुडा, जिथं कुठं असाल तिथं लोक नेमकं काय करतात, काय करून फसलं, ते सांगा. पुस्तकातलं नको, ते गुगलवर आहे.

भुसावळकर

भाऊ म्हशीचं वाचून वाईट वाटलं. आमच्याकडं गणित थोडं वेगळं आहे पण कामाला येईल म्हणून लिहितो.

आम्ही हतनूरच्या खाली. धरणाला ४१ दरवाजे, आणि तापीला पाणी येतं ते एक तर बऱ्हाणपूरकडून मध्य प्रदेशातून, नाहीतर पूर्णेतून म्हणजे अकोला-बुलढाणा साइडनं, दोन्ही चांगदेवला मिळतात. त्यामुळं आमच्याकडं कडक ऊन पडलेलं असतं, पोरं क्रिकेट खेळत असतात आणि नदी वाढत असते. आभाळ बघून पुराचा अंदाज करायचा ही जुनी सवय इथं माणसाला फसवते. तुमच्याकडं पण तेच झालं ना, पाऊस डोंगरात आणि पूर तुमच्या दारात.

आता खरी गोची मेसेजची. पाऊस लागला की व्हॉट्सअॅपवर मेसेज फिरतात, अमुक दरवाजे उघडले, इतका विसर्ग. कोणी क्युसेकमध्ये (सेकंदाला घनफूट) टाकतं कोणी क्युमेकमध्ये (सेकंदाला घनमीटर), आणि फॉरवर्ड करताना लोक ते शेपूटच उडवतात, नुसता आकडा ठेवतात. एक क्युमेक म्हणजे साधारण ३५ क्युसेक. म्हणजे १००० हा आकडा एका मापात नदीच्या अंगावरची धूळ आणि दुसऱ्या मापात नीट पाणी. एका वर्षी आमच्या गल्लीतले लोक असल्याच एका मेसेजवर सामान घेऊन शाळेत जाऊन बसले होते आणि पुढच्या खेपेला खरंच पाणी आलं तेव्हा कोणी हललं नाही.

म्हणून आमच्या एका रिटायर रेल्वेवाल्या काकांनी वही घातलीय. घाटाच्या पायऱ्यांना नंबर दिलेत ऑइलपेंटनं. विसर्ग किती जाहीर झाला, किती वाजता, आणि आपल्या घाटावर पाणी कितव्या पायरीला किती वाजता लागलं, एवढंच लिहायचं. चार पावसाळे झाले. आता आकडा आला की काका सांगतात, अकरावी पायरी, संध्याकाळपर्यंत, खालच्या टपऱ्या हलवा. लाखभर क्युसेक म्हटलं की लोकांच्या डोक्यात काही येत नाही, अकरावी पायरी म्हटलं की येतं.

तुमच्या तितूरवर हतनूरसारखं मोठं गेटवालं धरण नाही त्यामुळं सोडण्याआधीचा मेसेज वगैरे तुम्हाला मिळणार नाही. तुम्हाला वरच्या गावातला माणूसच पाहिजे. पाटणादेवीकडच्या वाडीत, घाटाखाली, दोन तीन ठिकाणी. आराखड्यात पहिलं पान त्यांच्या नंबरांचं ठेवा. आणि पुलाच्या खांबाला पट्टे मारा, लाल पिवळे, हजार रुपयाचा रंग लागेल.

केळीवाला रावेर

पुरावर सगळे बोलतील म्हणून मी वाऱ्यावर बोलतो, कारण आमच्याकडं पुरापेक्षा वारा जास्त खातो.

मे एंड ते जून, मृगाच्या आधी, दुपारी चारनंतर पश्चिमेकडं काळं दिसायला लागलं की पोटात गोळा. पंधरा मिनिटं चालतं. घड लागलेली बाग, झाडावर २० - २५ किलो वजन, मुळं वरवरची, केळीला खोड म्हणतो पण ते काय लाकूड आहे का, पानांच्या देठांची गुंडाळीच ती. एक पडलं की शेजारच्याला घेऊन पडतं, पत्त्यासारखं. वर्षभराचा पैसा पंधरा मिनिटात आडवा. दुसऱ्या दिवशी बांधावर फोटो काढायला सगळे येतात.

काय उपयोगी पडलं ते सांगतो. बागेच्या पश्चिम आणि दक्षिण अंगाला शेवरी किंवा गजराज गवताची दाट रांग. वारा अडत नाही पण मोडतो, जोर निघतो. बाबू लोक भिंत बांधायचं म्हणतात ते चूक, भिंतीवरून वारा उडी मारून आत आपटतो, झिरपणारी आड पाहिजे. माझ्या चुलतभावानं रांग लावली नाही, त्याची जागा जाते आणि गवत पाणी पितं म्हणून. बरोबर आहे त्याचं, काठाच्या दोन ओळी बारीक राहतात. पण एका वादळात त्याची अर्ध्याच्या वर बाग गेली, माझी कडेची गेली. दुसरं, सगळी बाग एकाच वेळेस निसवू देऊ नका, म्हणजे घड एकदम बाहेर पडू देऊ नका, थोडी मृगबाग (पावसाळ्याच्या सुरुवातीची लागवड) थोडी कांदेबाग (पावसाळ्यानंतरची). वजन एकदम येत नाही आणि भाव पण एकदम पडत नाही.

विम्याबद्दल आराखड्यात नक्की लिहा. फळपीक विमा हवामानावर चालतो, तुमच्या बागेत काय झालं त्याच्यावर नाही तर महसूल मंडळातल्या हवामान केंद्रात काय नोंदलं गेलं त्याच्यावर. आमच्या मंडळाचं यंत्र माझ्या शेतापासून बरंच लांब, आणि वादळाचा पट्टा कधी कधी दोन शिवाराएवढाच असतो. एका वर्षी बाग आडवी आणि यंत्र म्हणे वारा नॉर्मल. त्या यंत्राच्या बाजूलाच निंबाचं झाड मोठं झालेलं, आम्ही जाऊन फोटो काढले, अर्ज दिला, झाड छाटलं पण त्या वर्षाचे पैसे गेले ते गेलेच. म्हणून तुमच्या मंडळाचं यंत्र कुठं आहे ते आत्ताच, उन्हाळ्यात, जाऊन बघून या. आजूबाजूला झाड वाढलंय का, कोणी गुरं बांधलीत का, चालू तरी आहे का. नुकसान झाल्यावर बघून काही उपयोग नाही. आणि ज्या विम्यात वैयक्तिक कळवायचं असतं त्यात ७२ तास असतात, तेवढ्यात फोन नाहीतर अॅपवरून कळवायचंच, तलाठी आप्पा येतील मग बघू असं करायचं नाही.

बघू_पुढं

सगळं छान आहे पण करणार कोण? ग्रामसभेला बारा लोक येतात, त्यातले चार सदस्य आणि दोन चहावाले. आराखडा केला की परत कपाटात जाणार.

पांझराकाठचा नाना

बघू_पुढं भाऊ, करणार कोण हे विचारलंत म्हणून लिहितो, एरवी मी नुसता वाचतो.

मी साक्री तालुक्यातला. आमच्या पांझरेवर फड पद्धत होती, काही ठिकाणी अजून आहे. नव्या पोरांना माहीत नसेल म्हणून थोडक्यात. नदीवर दगडी बंधारे, काही तीन - चारशे वर्षांचे, त्यातून पाट, आणि खालच्या जमिनीचे तीन चार मोठे तुकडे पाडलेले, त्याला फड म्हणायचं. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं. एका फडात ऊस, दुसऱ्यात भुसार, तिसऱ्यात दुसरं काही, आणि दरवर्षी फेरपालट. प्रत्येकाची थोडी थोडी जमीन प्रत्येक फडात. पाणी कोणत्या शेतात किती सोडायचं ते पाटकरी ठरवणार, शेतकरी नाही. शेतकऱ्यानं पाण्याला हातच लावायचा नाही! पाटकऱ्याचा पगार धान्यात आणि पंच कमिटी लोकांची.

आता यात आपत्तीचं काय, तर हे. पाऊस कमी झाला की पंच बसायचे आणि सांगायचे, या साली एक फड पडीत. आणि प्रत्येकाची जमीन प्रत्येक फडात असल्यानं नुकसान सगळ्यांचं सारखं. पाटाच्या तोंडाशी जमीन असलेला श्रीमंत आणि शेपटाला असलेला कोरडा असं व्हायचं नाही. दुष्काळ यायच्या आधीच तो कसा वाटून घ्यायचा हे ठरलेलं होतं, त्यामुळं त्या वर्षी भांडण करायला जागाच नसायची. सरकारनं सांगितलं नव्हतं आणि अनुदान पण नव्हतं. मग विहिरी झाल्या, मोटारी आल्या, वर धरणं झाली, ज्याच्याकडं पैसा त्याला पंचांची गरज उरली नाही आणि फड ढिले पडले. मी जुनं ते सोनं म्हणणारा नाही, त्या कमिटीत बायका नव्हत्या आणि ज्याला जमीन नाही त्याला पाण्यात वाटा नव्हता, हे पण लिहून ठेवा.

दुसरं उदाहरण आमच्याच तालुक्यातलं बारीपाडा. चैत्राम पवारांना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली ते गाव. नव्वदच्या दशकात जंगल उजाड होतं, पाण्याला लांब जावं लागायचं. गावानं कुऱ्हाडबंदी, चराईबंदी केली, मोडणाऱ्याला दंड, आणि दंड खरंच वसूल केला. आता तिथं चारशे हेक्टरच्या वर जंगल राखलेलं आहे आणि विहिरींना पाणी. सुरुवातीला तिथं काय फार मोठी ग्रामसभा भरत असेल? बारा लोक पुष्कळ झाले, फक्त त्यांनी दंड वसूल केला पाहिजे.

बाकी २०१९ च्या ऑगस्टला पांझरेनं धुळे शहरात काय केलं ते धुळेकर सांगतील. मला एवढंच दिसलं की पूररेषा कागदावर असते आणि टपरी नदीत असते.

केळीवाला रावेर

नाना, शिरपूर पॅटर्नबद्दल काय मत? आमच्याकडं पण नाले खोल करायचं चाललंय.

पांझराकाठचा नाना

भूगर्भशास्त्रज्ञ सुरेश खानापूरकर साहेबांनी २००४ पासून शिरपूर तालुक्यात केलं, नाले खोल-रुंद करून त्यात बंधारे. तिथं पाणी वाढलं, लोकांनी डोळ्यानं बघितलंय, मी पण जाऊन आलोय. पण तिथली जमीन बघा, तापीकाठचा गाळ खोलवर आहे. तुमच्याकडं रावेर यावलला सातपुड्याच्या पायथ्याशी दगडगोट्यांचा पट्टा आहे, पाणी पिणारा, तिथं वेगळा हिशोब. आणि खाली काळा पाषाण लागला तर जेसीबीवाल्याचं भलं होईल फक्त. दुसऱ्या गावचा आराखडा उचलला की त्सुनामी येते, तसंच हे. आधी भूजलवाल्याला दाखवा.

धडगावची ताई

मी आशा म्हणून काम करते, पाड्यावर. दादांनी विजेचा आणि उन्हाचा विषय काढला म्हणून सांगते.

आमच्याकडं एक गाव म्हणजे दहा बारा पाडे, घरं लांब लांब डोंगरावर, निम्म्या ठिकाणी रेंज नाही. दामिनी अॅप चांगलं आहे, जवळपास वीज पडत असली की सांगतं, मी माझ्या फोनमध्ये ठेवलंय. पण गुरं चारणारा पोरगा अॅप बघत नाही आणि त्याच्याकडं रेंज पण नाही. आणि मेसेज येतो मराठीत, तो पण कार्यालयीन मराठीत, "मेघगर्जनेसह विजांच्या कडकडाटाची शक्यता". आमच्याकडं घरात पावरी बोलतात. मी एका शिक्षकाकडून पावरीत चार वाक्यं रेकॉर्ड करून घेतली, आभाळ काळं झालं की मोठ्या झाडाखाली थांबू नका, बकऱ्यांना एका जागी दाटू देऊ नका, उघड्या माळावर उभे राहू नका, खाली बसा पण झोपू नका. बाजाराच्या दिवशी स्पीकरवर लावली. लोक थांबून ऐकत होते कारण स्पीकरवर आपली बोली कधी ऐकलीच नव्हती. विज्ञान तेच आहे, फक्त भाषा बदलली.

उन्हाचं सांगायचं तर टीव्हीवर ४४ सांगतात ते सावलीतल्या पेटीतलं असतं, हे लोकांना माहीत नाही. पत्र्याच्या घरात दुपारी त्याच्यापेक्षा जास्त होतं आणि रात्री पण थंड होत नाही. बाळंतीण आणि लहान मूल त्याच घरात. मी सांगते, पत्र्यावर चुना मारा, वर पऱ्हाट्या नाहीतर पळसाच्या फांद्या टाका, फरक पडतो, मी माझ्याच घरावर केलंय. कामाला पहाटे जा, अकराला परत या. पाणी तहान लागल्यावर नाही, आधी प्या. ओआरएस नसलं तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ, चहाचा चमचा, जास्त मीठ नको, लोक मूठभर टाकतात मग पोर उलटी करतं. आणि माणूस बडबड करायला लागला, अंग तापलेलं, की पाणी पाजत बसायचं नाही, अंग ओलं करायचं, वारा घालायचा आणि १०८ ला फोन. रस्त्यापर्यंत आम्ही झोळीत आणतो, म्हणून आराखड्यात झोळी कोणाच्या घरी आहे ते पण लिहितो. तुमच्याकडं रस्ता आहे दादा, तुम्ही ट्रॅक्टर कोणाचा ते लिहा, आणि त्याची चावी कुठं असते ते.

अजून एक. आमच्या भागात मका ज्वारीच्या गावरान वाणांचं बियाणं घरात राखून ठेवायची पद्धत आहे, काही गावांत बियाणे बँक पण झाली. एका वर्षी पाऊस उशिरा आला, विकतचं बियाणं पहिल्या पेरणीत वाया गेलं तेव्हा दुबार पेरणीला तेच कामाला आलं. हे पण आपत्तीचंच काम ना?

भुसावळकर

ताई, चावीचं एक नंबर सांगितलं.

पत्र्यावरून आठवलं, आमच्याकडं जुनी धाब्याची घरं होती, मातीचं सपाट छत, उन्हाळ्यात आत गारवा. लोक आता ती पाडून पत्रे टाकतात आणि मग कूलर घेतात. पण धाब्याची एक बाजू आहे, दर उन्हाळ्यात वर खारी माती टाकून चोपावं लागतं, नाहीतर पावसाची झड लागली, चार पाच दिवस संततधार, की माती जड होते आणि धाबं बसतं, रात्री, झोपलेल्या माणसावर. तितूरकाठ भाऊ, गावात किती धाबी आहेत आणि कोणाच्या घरी फक्त म्हातारं माणूस राहतं ती यादी करा. पूर आला नाही तरी ही यादी कामाला येते.

बघू_पुढं

बरं मान्य. माझ्याकडून एक. आराखड्यात जे नंबर लिहाल त्यांना रात्री फोन करून बघा. दिवसा सगळे उचलतात.

तितूरकाठ

मंडळी, तीन आठवड्यांनी लिहितोय, माफ करा, लग्नसराई होती.

झालं ते सांगतो. पुलाच्या खांबाला पट्टे मारले, आठशे रुपये लागले, पेंटरनं पैसे घेतले नाहीत, रंगाचेच. २०२१ चं पाणी कुठंपर्यंत आलं होतं त्यावरून मात्र तासभर भांडण, शेवटी मारुतीच्या देवळाच्या भिंतीवर जुना गाळाचा डाग सापडला तिथं रेघ मारली. साखळीचं कुलूप गावात सतरा गोठ्यांत निघालं. सतरा! चोरीची भीती खरी आहे त्यामुळं कुलूप काढा म्हणून कोण ऐकणार, मग असं ठरलं की एक चावी गोठ्यातच खुंटीच्या मागे आणि एक शेजाऱ्याकडं. मंडळाचं हवामान यंत्र बघून आलो, चालू दिसतंय, बाजूला बाभूळ वाढतेय, अर्ज दिलाय. स्पीकरवर अहिराणीत सूचना लावायची आयडिया पोरांना फार आवडली, एकानं तर त्यात सासू-सुनेचा संवाद घातलाय, तो जरा कापावा लागेल. धाब्याची यादी अर्धी झालीय. सरकारी नमुना पण भरला, त्सुनामीचा रकाना ग्रामसेवक म्हणाले खोडता येत नाही.

वरच्या बाजूला सहा माणसं मिळाली, दोन पाटणादेवीकडं, दोन घाटाखाली, एक दूधवाला आणि एक वनमजूर. परवा रात्री दोनला, बघू_पुढं भाऊच्या सांगण्यावरून, सगळ्यांना फोन केला. चौघांनी उचलला. एकाचा सायलेंटवर. सहाव्याच्या बायकोनं उचलला आणि अहिराणीत अशा शिव्या घातल्या की माझी झोप उडाली, मग मी कोण, कशाला, ते सांगितलं तर म्हणाली, मी चारला उठते दूध काढायला, नाल्याचा आवाज मला आधी कळतो, ह्यांना काय विचारता. यादीत आता त्यांच्या नवऱ्याचं नाव खोडून त्यांचं लिहिलंय.